साकीनाक्याची टोपली

आमच्याकडे नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या दोन-चार दिवसांत तो मान वर करून विचारतोच, "ताई, ती टोपली कशाला लटकवलीय?" आता ह्याचं उत्तर एका वाक्यात देता आलं असतं तर काय हवं होतं! मी एक किस्सा सांगायला घेते, तेवढ्यात जिग्नेश म्हणतो, "अरे, आधी फॉइलचा सांग ना!" फॉइलचा सांगितला की शेजारच्या शर्माजींचा राहतो. चहा निवून जातो, डबे धुवून होतात, तरी किस्से संपत नाहीत. कुणी मुद्दाम जमवले नव्हते हो. माणसं आणि मशीनं एका छपराखाली नांदायला लागली की ते आपोआप साठतात.

म्हणून म्हटलं, एकदा सगळे ओळीनं सांगूनच टाकू.

आमची साकीनाक्याला छोटी प्रेस आहे. औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं आणि गोळ्यांच्या पट्टीला मागून लागतं ते चंदेरी फॉइल, एवढंच आम्ही छापतो. इंडस्ट्रियल इस्टेटीतला गाळा. खाली मशीनं, वर पोटमाळ्यावर ऑफिस. वर आम्ही तिघं. एक मालक, म्हणजे भाऊ. मूळचे मालवणकडचे. रागावले की मालवणीत बोलतात आणि खूश झाले तरी मालवणीतच. दुसरा डिझाइन करणारा जिग्नेश, घाटकोपरचा. आणि तिसरी मी, रेश्मा. फोन, पार्सल, तपासणी, भांडणं, सगळं माझ्याकडे.

खाली राज्य पवारकाकांचं. प्रेसमधल्या सगळ्यात जुन्या मशीनला ते 'आक्का' म्हणतात, आणि आक्काला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही.

आता टोपली. पोटमाळ्याच्या फळ्यांत एक चौकोनी भोक आहे आणि त्यातून दोरीनं वेताची टोपली खाली सोडलेली आहे. वर दोरीला घुंगरू. मशीनच्या धडधडीत हाक ऐकू येत नाही, म्हणून खालच्यानं दोरी ओढायची. एकदा ओढली की 'काम झालं', दोनदा ओढली की 'चहा पाठव'. जिग्नेशनं लेबल बनवलं की पेनड्राईव्ह टोपलीत. टोपली खाली. काका फाईल आपल्या कॉम्प्युटरवर घेणार आणि आक्का सुरू. शिवाय काकांचा स्वतःचा एक पेनड्राईव्ह होता, काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलेला. आजवर छापलेलं प्रत्येक लेबल त्यात होतं.

"कॉम्प्युटर मरतात गं," काका म्हणायचे. "गळ्यातलं कुठं जात नाय."

पण गळ्यातलं जात नाही म्हणजे जुनंही जात नाही, आणि इथंच आमची वाट लागली. लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाचं लेबल होतं. औषधाच्या कंपनीनं 'एक चमचा'चं 'अर्धा चमचा' केलं. जिग्नेशनं नवी फाईल टोपलीतून पाठवली. तिचं नाव तेच. काकांनी सवयीनं गळ्यातल्या पेनड्राईव्हवरचं जुनं लेबल लावलं. पहिल्या वेळी पॅकिंगच्या आधी मी पकडलं. दुसऱ्या वेळी पकडलं ते कंपनीनं.

त्यांचा फोन मीच घेतला होता. ते म्हणाले, फाईल एकाच जागेवरून मशीनवर जाते, मध्ये कुणाच्या खिशातून नाही, हे आम्ही येऊन बघणार. तशी व्यवस्था दिसली नाही तर काम दुसऱ्या प्रेसला! आणि हे काम गेलं असतं तर आक्का बंद. आक्का बंद म्हणजे काका घरी. काका जेवायचे थांबले होते. लहान पोरांच्या औषधात चूक झाली, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं, आणि तरी पेनड्राईव्ह गळ्यातून निघत नव्हता.

मी त्याच दिवशी जाहीर केलं, "भाऊ, आपल्याकडे नेटवर्क बसणार. आणि ही टोपली उतरणार!"

* * *

पहिला आला तो अंधेरीच्या एका कंपनीचा माणूस. अंगात ब्लेझर! पोटमाळ्यावर पंखासुद्धा नीट फिरत नाही, पण ब्लेझर काढला नाही पठ्ठ्यानं. लॅपटॉप उघडला आणि रंगीत चित्रं दाखवायला लागला. ढगाचं चित्र, ढगातून निघालेले बाण, बाणांच्या टोकाला हसणारी माणसं.

तो बोलायला लागला की खाली आक्का सुरू व्हायची. आक्का थांबली की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. 'सोल्यूशन' हा शब्द इतक्या वेळा आला की जिग्नेश बोटं मोजायला लागला होता. शेवटी मोठ्या उत्साहानं तो म्हणाला, "सर, तुमच्या सगळ्या ब्रँचेस एका क्लिकवर!"

भाऊंनी चष्मा कपाळावर ढकलला. "अरे बाबा, आमची एकच ब्रँच. ती पण अर्धी वर आणि अर्धी खाली!"

ब्लेझर उतरून गेला. जाताना पोटमाळ्याच्या तुळईला डोकं आपटलं ते वेगळंच.

* * *

मग भाऊंनी घरचाच माणूस बोलावला. जुहूला राहणारा भाचा, केदार. त्याला कॉम्प्युटरमधलं 'सगळं येतं' असं भाऊंच्या बहिणीचं म्हणणं. केदार आला, बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "मामा, केबल वगैरे जुन्या काळातलं झालं. वायफाय लावू, विषय संपला!" वर एक डबा बसवला, दोन शिंगांचा. खाली काकांच्या कॉम्प्युटरवर फाईल उघडली. झकास! भाऊंनी भाच्याला मिसळ खाऊ घातली.

दुसऱ्या दिवशी खाली काहीच येईना. केदारला फोन केला. तो येईपर्यंत पुन्हा सगळं चालू! तो गेला, चार दिवस बरे गेले आणि परत ठप्प. केदार कधी शेजाऱ्यांच्या डब्याला दोष द्यायचा, कधी आमच्या कॉम्प्युटरला. काकांचं निदान सरळ होतं, "आक्काला ते आवडत नाय."

मी मात्र हट्टाला पेटले होते. काम सोडून नुसती बघत बसायचे, कधी बंद पडतं आणि कधी चालू होतं. आणि एका सकाळी पार्सलची सही करताना डोक्यात उजेड पडला. टेम्पो येतो, फॉइलचे रोल उतरतात, ते पोटमाळ्याच्या बरोबर खाली रचले जातात आणि नेट जातं! रोल वापरून संपत आले की नेट परत येतं. वर डबा, खाली काका आणि मध्ये ॲल्युमिनियमची भिंत. कसलं वायफाय पोचणार!

केदारला सांगितलं. तो म्हणाला, "मग काय, सोपं आहे मामा. फॉइल दुसरीकडे ठेवा."

"दुसरीकडे खंय?" भाऊ भडकले. "जुहूक, तुझ्या घराकडे?"

पण एक फायदा झाला हं. तोपर्यंत फॉइल किती शिल्लक आहे ते बघायला मला खाली उतरावं लागायचं. आता मी वरूनच विचारायचे, "जिग्नेश, खाली नेट कसं धावतंय?"

"एकदम मख्खन!"

"मग टेम्पोवाल्याला फोन लाव. फॉइल संपलंय."

* * *

त्याच वायफायच्या पासवर्डचा किस्सा. केदारनं पासवर्ड ठेवला आणि आम्हाला बजावलं, "मामा, हा कुणाला कळता कामा नये." भाऊंनी मान डोलावली, भोकापाशी ओणवे झाले आणि आक्काच्या आवाजावर आवाज चढवून खाली ओरडले, "पवाराऽऽ! पासवर्ड लिहून घेऽऽ!" मग एकेक अक्षर. काकांना ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा एकदा. त्यातला एक आकडा चुकला म्हणून तिसऱ्यांदा! आमच्याकडे गुपितं अशीच सांगतात, कारण कुजबुजलेलं कुणाला ऐकूच येत नाही.

पुढं नेट फार हळू चालायला लागलं. फॉइल तर संपलेलं, मग आता काय? जिग्नेशला शंका आली. त्यानं पासवर्ड बदलला आणि ह्या वेळी जिना उतरून काकांच्या कानात जाऊन सांगितला.

दुपारी शेजारच्या गाळ्यातले शर्माजी आले. त्यांचं स्प्रिंगा बनवायचं काम. मला वाटलं, नेहमीसारखं आमचा टेम्पो वाटेत लागल्याचं भांडण असणार. पण शर्माजींचा चेहरा रागाचा नव्हता, दुखावलेला होता.

"रेश्माजी, सुबह से पूरे स्टाफ का काम रुका है," ते म्हणाले. "पासवर्ड बदलना था तो एक बार बताना तो चाहिए ना! पहले तो कितने प्यार से चिल्ला के बताते थे!"

* * *

वायफाय काढून टाकलं. कंपनीची तपासणी जवळ येत होती. भाऊ म्हणाले, "रेश्मा, राहूदे गो. ह्या आपल्यासारख्यांचा काम नाय." मला त्यांचा इतका राग आला की मी हातातली फाईल टेबलावर आपटली. "आपल्यासारख्यांचं म्हणजे काय भाऊ? औषधाची लेबलं छापतो ना आपण? मग हेही आपलंच काम. केबल टाकायची, आणि मी टाकून घेणार!"

बोरिवलीचा अँथनी माझ्या मुलुंडच्या शेजारणीनं सुचवला. तिच्या नवऱ्याच्या क्लिनिकमध्ये त्यानंच सगळं बसवलं होतं. अँथनी आला, चित्रंबित्रं काही काढली नाहीत. आधी विचारलं, "काम कसं करता ते दाखवा." मी टोपली दाखवली. तो भोकातून खाली बघत राहिला, वर घुंगराकडे बघत राहिला आणि खूश होऊन म्हणाला, "मस्त! केबलसाठी होल पण आहे!"

बेत साधा होता. वर भाऊंच्या टेबलाशेजारी एक मोठा कॉम्प्युटर, सगळ्या फाईली फक्त त्याच्यात. त्याच्यापासून एक छोटा डबा, डब्यातून प्रत्येकाच्या कॉम्प्युटरला निळी केबल. जिग्नेश वर फाईल बदलणार, काका खाली तीच उघडणार. मला तर पेढे वाटावेसे वाटले. केबल टोपलीच्या भोकातून, दोरीच्या शेजारूनच खाली सोडली. "दोन दिवसांत पाईपमध्ये घालतो," अँथनी म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ टेबलावर पोहे खात होते. एकाएकी तो छोटा डबा हलला. मग सरकला. पोह्यांच्या बशीला वळसा घालून, भाऊंच्या डोळ्यांदेखत, टेबलाच्या कडेवरून धपकन खाली पडला आणि फळ्यांवरून घासत भोकाच्या दिशेनं चालायला लागला! जिग्नेशचा स्क्रीन गेला, माझा गेला.

चमचा हवेत धरून भाऊ म्हणाले, "गो रेश्मा, ह्यो डबो खंय चल्लो?"

मी धावत जाऊन भोकातून खाली बघितलं. पवारकाका नेहमीसारखे आक्काकडे तोंड करून उभे. नजर कागदावर आणि हात मागं, सवयीच्या जागी. हातात निळी केबल. दोन हिसके देऊन झाले होते, तिसरा चालू होता.

टोपली हलत नाही म्हणून वैतागून त्यांनी वर बघितलं. "काय गं, किती ओढायचं? चहा कुठं राहिला?"

* * *

अँथनीनं केबल भिंतीतून पाईपात घातली. मग मी टोपलीची दोरी सोडायला स्टुलावर चढले, तर काका जिना चढून वर आले. आमच्या आठवणीत काका कधी वर आले नव्हते. म्हणाले, "टोपली काढली तर मी पण निघालो."

मीही काही कमी नाही. म्हटलं, "काका, तुम्ही राहावं म्हणूनच चाललंय ना हे सगळं? तुम्हाला कळत कसं नाही!" माझा आवाज चिरकला. भाऊंनी मधला मार्ग काढला. टोपली राहील, पण तिच्यातून खाली पेनड्राईव्ह उतरणार नाही. उतरेल तो फक्त चहा. मी टोपलीला मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला, 'फक्त चहा'.

अँथनीनं दुसरा प्रश्न काढला. काकांच्या कॉम्प्युटरची पेनड्राईव्हची जागाच बंद करून टाकू का? माझं म्हणणं, लगेच करा! कारण तो काळा दोरा अजून काकांच्या गळ्यात होता. पण भाऊ अडून बसले. "नाय. त्याच्या हातात आक्का दिली ती विश्वासानं. पवारांक ठरवूंदे."

"आणि त्यांनी चुकीचं ठरवलं तर?"

"तर मग कुलूप घालून तरी काय उपयोग?" भाऊ म्हणाले. मला ते अजिबात पटलं नव्हतं.

* * *

काकांनी काय करावं! नेटवर्कवरून फाईल उघडायची, पण विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येक लेबल छापण्याआधी आक्का थांबवायची, मान वर करायची आणि ओरडायचं, "जिग्नेशऽऽ! वरचं वाच!"

"काका, तीच फाईल आहे. वर पण तीच, खाली पण तीच!"

"असंल. तरी वाच!"

मग जिग्नेश वरून मोठ्यानं वाचायचा आणि काका खाली स्क्रीनवर बोट ठेवून ताडून बघायचे. औषधाचं नाव, कशासाठी, किती, केव्हा, मुलांच्या हाताला लागू देऊ नये, वापरण्यापूर्वी बाटली हलवावी. एखादा शब्द गाळला तर पुन्हा पहिल्यापासून! जिग्नेशचा घसा बसला. मला हसूही यायचं आणि बरंही वाटायचं. दोनदा पोळलेला माणूस असाच वागणार. पण असं वाचून घेतल्यावरही हात छातीवरच्या पेनड्राईव्हकडे जायचा, तो आहे ना हे चाचपायला.

हे वाचन चांगलं आठवडाभर चाललं. मग एक दिवस शर्माजी खोकत खोकत दारात आले. मी म्हटलं, पासवर्ड देणार नाही हं!

"नहीं नहीं," शर्माजी म्हणाले. "बस इतना बताइए, बडों के लिए दो चम्मच ना? खाने के बाद?"

* * *

दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला मशीनं पुसून लख्ख करतात, हळदकुंकू, झेंडूचे हार, नारळ, पेढे. त्या दिवशी छपाई नाही. भाऊ सोवळं नेसून स्वतः पूजा करतात. आक्काचा मान पहिला. ह्या वेळी घरात नवा मेंबर आलेला, मग त्याला कसं वगळणार? भाऊंनी वरच्या मोठ्या कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचा सगळ्यात जाड हार त्याच्यापुढे बांधला. आपट्याची पानंही खोचली. फार गोजिरा दिसत होता तो!

छपाई बंद असली तरी जिग्नेश दुपारी उद्याच्या कामाची तयारी करत बसला होता. एकदम ओरडला, "गेलं! सगळं गेलं!" मोठा कॉम्प्युटर स्वतःहून बंद. हात लावला तर इस्त्रीसारखा तापलेला. चालू केला, पुन्हा बंद. तपासणी दोन दिवसांवर आणि सगळ्या फाईली त्याच्यात!

काका खालून म्हणाले, "पूजा सोसली नाय त्याला. आक्का बघा, कशी शांत बसलीय!" आणि गळ्यातला पेनड्राईव्ह उचलून दाखवला. त्या क्षणी मला काकांशी बोलायचंच नव्हतं.

सणाचा दिवस असूनही अँथनी धावत आला. त्यानं एकदाच बघितलं. हार बांधला होता तो बरोबर पंख्याच्या जाळीवर, हवा आत जायच्या जागी. एक पाकळी हलायला वाव नव्हता. तो हाराला हात घालणार तेवढ्यात भाऊ पुढं आले. "पूजेचो हार असो काढूचो नाय!"

अँथनीनं हात जोडले, हार अगदी हळू उचलला आणि कॉम्प्युटरच्या डोक्यावर ठेवला.

"भाऊ, पूजा छान झाली," तो म्हणाला. "पण नाकातोंडावर हार बांधला तर देव तरी श्वास कुठून घेणार?"

* * *

आणि मग तपासणीचा दिवस.

कंपनीच्या मॅडम आल्या. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण नजर अशी की मी उगाच पदर सारखा केला. सकाळपासून मी सगळं तीनतीनदा बघितलं होतं. पंखा चालू, डबा जागेवर, केबल पाईपात. फक्त एक गोष्ट माझ्या हातात नव्हती. काका शर्टाची वरची गुंडी लावून उभे होते, आणि कॉलरमधून तो काळा दोरा डोकावत होताच.

मॅडमनी वर जिग्नेशचं काम बघितलं. एक अक्षर बदलायला लावलं आणि भाऊंबरोबर खाली जाऊन काकांच्या स्क्रीनवर ते बदललेलं बघितलं. "गुड," म्हणाल्या. मी वर भोकापाशी गुडघ्यांवर बसून खाली बघत होते. आक्का कागदाविना हळू फिरत होती, म्हणून बोलणं वरपर्यंत ऐकू येत होतं.

मग मॅडमनी पर्स उघडली. "एक नवीन लेबल आजच मंजूर झालंय. लहान मुलांचंच आहे," त्या म्हणाल्या आणि एक पेनड्राईव्ह काकांपुढे धरला. "हे लावा आणि एक कॉपी छापून दाखवा मला. मग मी निघते."

मला वरून ओरडावंसं वाटलं. त्या मुद्दाम करत होत्या की खरंच घाईत होत्या, देव जाणे! काकांनी तो पेनड्राईव्ह हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. कॉम्प्युटरची जागा हाताच्या अंतरावर, उघडी. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं.

"खाली पेनड्राईव्ह चालत नाय, मॅडम," काका म्हणाले.

मॅडम हसल्या. "अहो, मीच देतेय ना? कंपनीचीच फाईल आहे."

"असंल. तरी चालत नाय."

गिऱ्हाईक नाराज होतंय म्हटल्यावर भाऊंचा धीर सुटला. ज्यांनी विश्वासाच्या गोष्टी केल्या तेच पुढं झाले. "पवारा, घे रे. मॅडमांचोच आसा तो!"

"मॅडमांचा असू दे, नायतर तुमचा असू दे भाऊ." काकांनी आक्काचं बटण दाबलं आणि तिला थांबवलं. एवढा वेळ तिच्या आवाजाची सवय झालेली, सगळा गाळा एकदम गप्प झाला. "आधी वर जाईल. वरनं आलं तर छापीन."

आणि ते मॅडमकडे पाठ करून टोपलीपाशी आले. वरून मला त्यांचं टक्कल तेवढं दिसत होतं आणि मानेकडे गेलेले दोन्ही हात.

घुंगरू वाजलं.

"रेश्मा, वर घे गं!"

मी दोरी ओढली. 'फक्त चहा' असा कागद चिकटवलेली ती टोपली हलत हलत वर आली. आत दोन पेनड्राईव्ह होते. एक मॅडमचा. दुसऱ्याला काळा दोरा होता.